हाती न पडलेल्या पदव्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टोकियो शहरात २८ मार्च २०२० रोजी एक पदवीदान समारंभ झाला. सभागृह होतं, व्यासपीठ होतं, पदवीचा कागद घेऊन उभे असलेले विद्यापीठाचे अध्यक्ष केनिची ओमाए होते. नाव पुकारल्यावर पदवी घ्यायला पुढं आलं ते मात्र एक यंत्र. खाली चाकं, मधल्या दांड्यावर चढवलेला काळा गाऊन, आणि डोक्याच्या जागी टॅब्लेट. त्या पडद्यावर घरी बसलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा दिसत होता आणि वर चौकोनी टोपी ठेवलेली होती. यंत्रानं पदवी स्वीकारली, मोजक्या उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी जगभर हे चित्र पाहून लोक हसले. हसण्यासारखं ते होतंच. पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला होता. पदवी नेमकी मिळते केव्हा? परीक्षा दिली तेव्हा, कागद हातात पडला तेव्हा, की चार लोकांसमोर आपलं नाव पुकारलं गेलं तेव्हा? एरवी हे सगळं एकामागोमाग घडतं, म्हणून हा प्रश्न कुणाला पडत नाही. साथ आली की तो पडतो, आणि विद्यापीठांना तो याआधीही पडलेला आहे.

आधी शब्दांचं पाहू. आपण ‘पदवीदान’ म्हणतो, म्हणजे कुणीतरी देतं आणि आपण घेतो. दुसरा शब्द ‘दीक्षान्त’. त्यात काहीतरी संपतं. इंग्रजीत केंब्रिज आणि हार्वर्डच्या समारंभाचं जुनं नाव ‘कॉमेन्समेंट’, म्हणजे आरंभ. कारण मध्ययुगीन युरोपात पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. त्या दिवशी विद्यार्थी हा शिक्षक होत असे. आणि तो परवाना मिळवायचा तर सगळ्यांसमोर वाद करावा लागे. लॅटिन भाषेत एखादा सिद्धान्त मांडायचा, समोरच्यांनी त्यावर तुटून पडायचं आणि आपण तो सांभाळायचा. आपल्याकडच्या पंडितांच्या वादसभेची आठवण यावी असाच हा प्रकार. म्हणजे समारंभ आणि परीक्षा या दोन गोष्टी नव्हत्याच. सभेपुढं टिकणं हीच पदवी.

केंब्रिजला या वादाच्या वेळी एक माणूस तिपाईवर बसून थट्टामस्करी करत असे. त्या तिपाईवरूनच तिथल्या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ हे नाव पडलं, आणि ते आजही चालू आहे. परीक्षेच्या मांडवात विदूषकाला जागा देणाऱ्या त्या लोकांबद्दल मला आदर वाटतो.

अशा विद्यापीठात प्लेग शिरला की काय होत असेल? १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मृत्यूचं थैमान सुरू झालं. सरकारी नोंदीतच त्या वर्षीचे प्लेगचे बळी ६८ हजारांवर आहेत. खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं इतिहासकार मानतात. केंब्रिजजवळ भरणारी स्टाउरब्रिजची प्रचंड जत्रा बंद केली गेली. ऑगस्टमध्ये ट्रिनिटी कॉलेजनं ठरवलं, की साथीमुळं गावी जाणाऱ्यांना महिनाभराच्या जेवणखर्चाचे पैसे द्यावेत. आणि १० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या सिनेटनं ठराव केला, की ग्रेट सेंट मेरी चर्चमधली प्रवचनं आणि विद्यापीठातले जाहीर वाद थांबवावेत.

वरवर पाहता हा गर्दी टाळण्याचा साधा निर्णय. पण ज्या विद्यापीठात वाद हीच परीक्षा होती, तिथं वाद थांबवणं म्हणजे पदवीच्या दाराला कडी लावणं. साक्षीला माणसं नाहीत, तर हा मनुष्य सभेपुढं टिकला हे कोण सांगणार?

या साथीचं नाव निघालं की न्यूटनची गोष्ट सांगितली जाते. प्लेगमुळं तो वूल्सथॉर्पला घरी गेला आणि तिथं कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर त्याचं मूलभूत चिंतन झालं. २०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट घरी अडकलेल्या मुलांना इतक्यांदा ऐकवली गेली, की न्यूटनचा राग यावा! ऐकवणारे दोन गोष्टी विसरत. एक म्हणजे, घरच्या शेतीवाडीमुळं न्यूटनला पोटाची चिंता नव्हती. आणि दुसरी अधिक महत्त्वाची. त्याची बी. ए.ची पदवी १६६५ च्या सुरुवातीला, म्हणजे साथ येण्याच्या आधीच त्याच्या पदरात पडली होती. तो घरी गेला तो पदवीधर म्हणून. मधे १६६६ च्या मार्चमध्ये तो परतला, जूनमध्ये प्लेगनं पुन्हा बाहेर काढलं, आणि एप्रिल १६६७ मध्ये तो कायमचा केंब्रिजला आला. १६६८ मध्ये एम. ए. झाला. या काळातली त्याची खर्चाची वही उपलब्ध आहे. तीत गाऊनच्या कापडाचा खर्च आहे, दारूच्या गुत्त्यातला खर्च आहे, आणि पत्त्यांत दोनदा हरल्याचे १५ शिलिंगही प्रामाणिकपणे मांडलेले आहेत. दोन वर्षं एकट्यानं काढून आलेला माणूस माणसांत आला की काय करतो, ते या नोंदी सांगतात.

आता शंभर वर्षं पुढं आणि अटलांटिकपलीकडं येऊ. केंब्रिजमध्ये शिकलेल्या धर्मनिष्ठ इंग्रजांनी अमेरिकेत १६३६ मध्ये हार्वर्डची स्थापना केली आणि कॉमेन्समेंटची चालही तिकडं नेली. १६४२ च्या पहिल्या समारंभात पदवीधर होते अवघे नऊ. पुढं या दिवसाची जत्रा झाली. तंबू, खाणंपिणं, दारू आणि बरीच दंगामस्ती. त्यातच मानापमानाचा एक भाग होता. हार्वर्डमध्ये १७७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत विद्यार्थ्यांची नावं वर्णानुक्रमानं नव्हे, तर घराण्याच्या प्रतिष्ठेनुसार लावली जात. म्हणजे कॉमेन्समेंटच्या दिवशी मुलाचा वाद आणि बापाची पत, दोन्ही चव्हाट्यावर येत.

आणि मग देवी आल्या. बोस्टनमधल्या देवीच्या साथीमुळं १७५२ मध्ये हार्वर्डचा जाहीर समारंभ झाला नाही, १७६४ मध्येही झाला नाही. पदव्या मात्र दिल्या गेल्या. हा बदल लक्षात घेण्यासारखा आहे. समारंभ वगळूनही पदवी शिल्लक राहते, हे आता विद्यापीठानं स्वीकारलं होतं.

१७६४ सालाची एक हकिकत मात्र सांगायलाच हवी. देवीच्या भीतीनं मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ बोस्टन सोडून हार्वर्डमध्ये भरत होतं. गव्हर्नर आणि त्यांचं मंडळ ग्रंथालयाच्या दालनात बसे. थंडीचे दिवस, म्हणून तिथं शेकोटी पेटवलेली. २४ जानेवारीच्या रात्री आग लागली आणि हार्वर्ड हॉल जळून गेला. सुमारे पाच हजार ग्रंथांपैकी जेमतेम चारशे वाचले, तेही बहुतेक बाहेर गेलेले होते म्हणून. जॉन हार्वर्ड यांनी दिलेल्या संग्रहातलं एकच पुस्तक उरलं. कॉलेजातला एकही विद्यार्थी आजारी न पडता साथीनं कॉलेजचं केवढं नुकसान करावं!

पुढच्या शतकात लेखी परीक्षा आली आणि पदवीचा सगळा नूर पालटला. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणं आणि पदव्या देणं, हेच त्याचं मुख्य काम. १८६२ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्याचे पहिले बी. ए. झाले. पदवी ठरली ती उत्तरपत्रिकांवर. समारंभात तिची फक्त घोषणा झाली. तेव्हापासून आपल्याकडं परीक्षा हे पदवीचं हाडमांस आणि समारंभ हा तिच्यावरचा शेला. कित्येक पदवीधर त्या शेल्याच्या वाटेलाच जात नाहीत. कॉलेजच्या खिडकीवर पावती दाखवून, रजिस्टरात सही करून प्रमाणपत्र घेतात आणि घरी जातात.

म्हणूनच २०२० मध्ये महाराष्ट्रातलं भांडण समारंभावरून झालं नाही, ते परीक्षेवरून झालं. राज्य सरकारनं जूनमध्ये ठरवलं, की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधीच्या सत्रांच्या गुणांवर पदवी द्यावी. ज्यांना परीक्षा हवी त्यांना ती नंतर देता येईल. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं, की सप्टेंबरअखेर परीक्षा झालीच पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला. साथीमुळं राज्याला मुदत वाढवून मागता येईल, पण अंतिम परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येणार नाही. मग ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या. नेटवर्क शोधत, मोबाइल चार्ज करून मुलांनी त्या दिल्या.

या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होतं. रोज हजारो रुग्ण सापडत असताना मुलांना केंद्रावर बोलावणं धोक्याचं होतं. पण परीक्षेविना पदवीला बाजारात किंमत राहील का, ही भीतीही खोटी नव्हती. त्याच जुलैत राज्यातल्या कृषी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शेरा छापून आला. ओरड झाली आणि सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं. ओरड व्हायलाच हवी होती. साथ सगळ्यांना आली होती, तिचा डाग मात्र मुलांच्या कागदावर उमटला. पूर्वी पदवीला साक्ष सभेची असे, आता ती कागदाची. त्यामुळं कागदावरच्या दोन शब्दांनी घाबरगुंडी उडणं साहजिक होतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या पाचच दिवस आधी, २३ ऑगस्टला, पवईच्या आय. आय. टी. मुंबईचा अठ्ठावन्नावा दीक्षान्त समारंभ झाला. संगणकावर सभागृह उभं केलं होतं. विद्यार्थ्यांच्या संगणकीय प्रतिमा एकेक करून व्यासपीठावर येत आणि संचालक सुभाशिस चौधुरी यांच्या प्रतिमेच्या हातून पदवी घेत. नोबेल पारितोषिकविजेते डंकन हॉल्डेन प्रमुख पाहुणे होते, आणि पदकं देताना दिसली ती त्यांचीही प्रतिमाच. टोकियोच्या यंत्रापेक्षा हे अधिक देखणं होतं. तरीही व्यासपीठाकडं जाताना पाय लटपटतात ते कुठल्या प्रतिमेचे लटपटायचे?

अडचण सर्वांत जास्त झाली ती पुन्हा केंब्रिजची. तिथला विधी आजही स्पर्शाचा आहे. कॉलेजचा अधिकारी उजवा हात पुढं करतो, एका वेळी चार विद्यार्थी त्याचं एकेक बोट धरून उभे राहतात. मग एकेकानं कुलगुरूंसमोर गुडघे टेकून हात जोडायचे, कुलगुरू ते आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि लॅटिनमध्ये पदवी देतात. २०२० साली याहून निषिद्ध असं काय असेल! समारंभ थांबले. शिवाय तिथला नियम असा, की एक पदवी एकदाच दिली जाते. अनुपस्थितीत घेतली की ते बोट पुन्हा धरता येत नाही. म्हणजे नोकरीसाठी आज कागद घ्यायचा, की विधीसाठी थांबायचं, हे एकेका विद्यार्थ्याला ठरवायचं होतं. घरची स्थिती बेताची असेल तर निर्णय काय होतो, हे सांगायला नको.

हार्वर्डनं या वेळीही १७६४ चाच मार्ग धरला. २८ मे २०२० रोजी समारंभाविना, पडद्यावरून पदव्या जाहीर केल्या, आणि एक वचन दिलं, की कधीतरी बोलावू. ते बोलावणं आलं दोन वर्षांनी. २९ मे २०२२ रोजी २०२० आणि २०२१ या दोन्ही तुकड्यांसाठी हार्वर्डच्या आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. तोवर हे सगळे रीतसर पदवीधर होते, पदवी मिळून वर्ष-दोन वर्षं लोटली होती. घेण्यासारखं तिथं काहीच उरलं नव्हतं. तरी ते आले, आणि गाऊन घालून आले.