कोकमतेल
(मुठेल). कोकमाच्या (गार्सिनिया इंडिका, कुल–क्लुसिएसी) बियांपासून मिळणारा घट्ट स्नेहपदार्थ. कोकम हा सदाहरित वृक्ष मूळचा पश्चिम घाटातला. कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनारपट्टीत परसातही दिसतो. आमसुलांसाठी फळाची साल काढून घेतली की उरलेल्या बिया वाळवून कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल निवल्यावर थिजते; त्याचे हाताने गोळे वळतात. स्टिअरिक व ओलेइक अम्ले भरपूर असल्याने ते साध्या तापमानाला घट्टच राहते, साधारण ४०° से.च्या आसपास वितळते. त्वचेवर पातळ थर बसून ओलावा टिकतो, म्हणून टाचांच्या भेगा व थंडीत फुटलेले ओठ यांवर ते लावतात. प्रसाधनांच्या डब्यांवर हेच मुठेल ‘कोकम बटर’ होऊन बरेच महाग होते.