‘कॉसमॉस’ : विश्वाची सफर घडविणारी दूरचित्रवाणी मालिका

अमेरिकेतील ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस : अ पर्सनल व्हॉयेज’ ही १३ भागांची मालिका २८ सप्टेंबर १९८० रोजी ‘पीबीएस’ या सार्वजनिक प्रसारण सेवेवर सुरू झाली. सेगन, अ‍ॅन ड्रुयान आणि स्टीव्हन सोटर यांनी ती लिहिली, तर लॉस एंजेलिस येथील ‘केसीईटी’ या केंद्राने तिची निर्मिती केली. ‘एमी’ आणि ‘पीबॉडी’ पुरस्कार मिळविणारी ही मालिका ६० देशांतील ५० कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिल्याचे सांगितले जाते.

ग्रह-ताऱ्यांची चित्रे त्याआधीही पडद्यावर आली होती. ‘कॉसमॉस’चे वेगळेपण असे, की वैज्ञानिकांना एखादी गोष्ट कळली कशी, हे ती दाखविते. पहिल्याच भागातील एराटोस्थेनिसची कथा याचा उत्तम नमुना ठरावी. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सायीन (आजचे आस्वान) येथे उभ्या काठीची सावली पडत नाही, मात्र त्याच वेळी अलेक्झांड्रियात ती पडते. सेगन इजिप्तच्या नकाशावर दोन काड्या रोवतात आणि नकाशा किंचित वाकवितात. दोन्ही सावल्यांची लांबी वेगळी होते. पृथ्वी गोल असल्याचा उलगडा झाला! दोन शहरांमधील कोन सुमारे सात अंश, म्हणजे वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. तेव्हा पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे गणित शाळकरी मुलालाही पटावे इतके सोपे होते.

विश्वाचे वय एका वर्षात बसविणारी ‘वैश्विक दिनदर्शिका’ही याच मालिकेमुळे घरोघरी पोहोचली. तिच्यात मानवाचा लिखित इतिहास ३१ डिसेंबरच्या अखेरच्या काही सेकंदांत उरकतो. त्या वेळी विश्वाचे वय सेगन यांनी १५ अब्ज वर्षे धरले होते. आज ते सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानले जाते.

दहाव्या भागासाठी सेगन तमिळनाडूत आले होते. पोंगलचा सण, चोळकालीन नटराज आणि ब्रह्मदेवाच्या ८६४ कोटी वर्षांच्या अहोरात्राची कल्पना यांवर ते रस घेऊन बोलतात. आधुनिक विज्ञानातील कालमापनाशी आकड्यांतही जवळीक साधणारी ही परंपरा असल्याचे ते सांगतात. मात्र हा बहुधा योगायोग असावा, असेही बजावतात. हे दुसरे वाक्य आपल्याकडे सोयीस्करपणे विसरले जाते. पुढे डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘ब्रह्मांड’ या मालिकेद्वारे हाच विषय दूरदर्शनच्या प्रेक्षकांसमोर मांडला.

मालिकेत त्रुटी नाहीत असे नव्हे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा अंत आणि विदुषी हायपेशियाची हत्या यांचा सेगन यांनी जोडलेला संबंध इतिहासकारांना मान्य नाही. अन्य ताऱ्यांभोवतीचे ग्रह तेव्हा केवळ तर्काचा विषय होते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे तर १९९८ मध्ये उघड झाले.

शेवटचा भाग मात्र ताऱ्यांपेक्षा पृथ्वीविषयीच अधिक आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना, मानवजातीने अण्वस्त्रे जमवून स्वतःचाच घात मांडला असल्याचा इशारा सेगन त्यात देतात. १९८३ मध्ये ‘आण्विक हिवाळ्या’चे भाकीत करणाऱ्या शोधनिबंधाच्या पाच लेखकांपैकी ते एक होते. २० डिसेंबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. ड्रुयान यांच्या पुढाकाराने आलेल्या २०१४ आणि २०२० मधील पुढच्या दोन मालिकांचे निवेदन खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन यांनी केले.