प्रोसेसर वीजजोडणी
संगणकाच्या मदरबोर्डवरील प्रोसेसरला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा करणारी जोडणी. तिचे सॉकेट बहुधा प्रोसेसरलगत, बोर्डाच्या वरच्या कडेला असते. २००० साली एटीएक्स१२व्ही मानकाने ४ पिनांची जोडणी आणली. पुढे सर्व्हरांसाठीच्या ईपीएस१२व्ही मानकातील ८ पिनांची जोडणी घरगुती संगणकांतही रूढ झाली, आणि दोहोंना चालावा म्हणून पॉवर सप्लायचा प्लग ४+४ असा सुटा होणारा करू लागले. बोर्डावर ८ आणि ४ पिनांची दोन सॉकेटे असली, तरी सामान्य वापरात ८ पिनांचे एकच भरले तरी बहुधा भागते. खरा घोटाळा ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनी प्लगमुळे होतो: तो दिसायला सारखा असला, तरी त्यात १२ व्होल्टच्या ३ व अर्थच्या ५ तारा असून त्यांच्या बाजू उलट असतात, त्यामुळे तो जोर लावून बसवल्यास शॉर्ट होऊ शकतो.