दमडीचं कूळ

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नाणी विकणारे जमिनीवर फडकं अंथरून बसतात. शिवराया एकीकडे, राणीछाप एकीकडे, आणि परदेशी चिल्लरीचा ढीग वेगळा. त्या ढिगात हात घालून तासन्‌तास बसायची मला जुनी सवय आहे. एकदा तिथेच मोरोक्कोचा एक दिरहम हाती लागला. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन सिंहांनी धरलेली राजमुद्रा. "आफ्रिकेचा आहे साहेब, वीस रुपये द्या. याला इथं कोण विचारतंय?" विकणारा म्हणाला. मी विचारलं, कारण मला ते नाणं परकं वाटलंच नाही. आपल्या दमडीचं ते चुलत भावंड आहे.

दमडी हे दामाचं लेकरू. दामाच्या आधी प्राकृतात 'दम्म', संस्कृतात 'द्रम्म', आणि त्याच्याही मागे ग्रीकांचा 'द्राख्मे'. नाणी पाडायला लागण्यापूर्वी ग्रीक लोक लोखंडी सळयांनी व्यवहार करत. मुठीत सहा सळया मावत, म्हणून मूठभर ते द्राख्मे, अशी या शब्दाची फोड पूर्वापार सांगतात. पुढे सळया गेल्या, नाव चांदीच्या नाण्याला चिकटलं. सिकंदरानंतर इजिप्तमध्ये टॉलेमी घराण्यानं ही नाणी पाडली, इकडे वायव्येला मिनांडरसारख्या ग्रीक राजांनी पाडली. म्हणजे उत्तर आफ्रिका आणि हिंदुस्थान, दोन्हीकडे एकाच कुळाच्या शाखा गेल्या.

या शाखा आपल्या दारात भेटल्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वाटाडी लिहिली, तिचं नाव 'पेरिप्लस'. त्यात कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे. भडोचच्या बाजारात मिनांडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राख्मे अजून चालतात, रोमी सोन्याचांदीची नाणी तिथल्या चलनात बदलून घेतली तर नफा होतो, असंही तो नोंदवतो. भडोचच्या राजाचं जे नाव त्यानं लिहिलं आहे, ते क्षहरात क्षत्रप नहपानाचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नहपानाचं नाणं निवांत बघण्यासारखं आहे. करंगळीच्या नखाहून थोडं मोठं, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम. पुढे राजाचं उजवीकडे पाहणारं मस्तक, त्याभोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठीत नाव. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! घडण ग्रीकांची, तरी लेण्यांतल्या लेखांत त्याला अस्सल देशी नाव आहे: कार्षापण, लोकांच्या बोलीत काहापण. नहपानाचा जावई उषवदात यानं नाशिकच्या लेण्यात भाव कोरून ठेवला आहे, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे त्यानं दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. आपल्या जुन्नरलाही मानमोडीच्या लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष 46 चा.

मग गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा छाप होता. त्यानं ती वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकलं. ठोकताना खालचं सगळं पुसलं गेलं नाही. काही नाण्यांत डोंगराच्या कडेला नहपानाचं नाक दिसतं, कुठे गालाचा उंचवटा. सातकर्णीचा विजय मी पुस्तकात वाचला होता, पण पहिल्यांदा पटला तो असं नाणं उजेडाकडे तिरपं धरून बघताना.

द्राख्मे हे नाव मात्र रूप बदलत पुढे आणखी हजार वर्षं चाललं. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत दानं द्रम्मांत मोजलेली आहेत. 1150 साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त कोष्टक दिलं: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. दुसरी शाखा इराणात ससानी राजांकडे 'द्रहम' झाली, अरबांनी तिचा दिरहम केला आणि तो उत्तर आफ्रिकेत पोचला. भास्कराचार्यांच्या कोष्टकाच्या तीनच वर्षं आधी, 1147 मध्ये, अलमोहाद घराण्यानं मोरोक्कोतलं माराकेश घेतलं. या घराण्याचे दिरहम चौकोनी! दीड ग्रॅमची पातळ चांदी, वर चित्र नाही, नुसती अक्षरं.

इकडे दामाची चांदी गेली. अकबराचा दाम तांब्याचा, वीस ग्रॅमच्या वर, चाळीस दामांचा रुपया. दामाचा आठवा भाग ती दमडी. हिशेबातले बारीक सहा दाम म्हणजे छदाम. राज्य गेलं, टांकसाळ गेली, तरी कंजुषाची चमडी गेली तरी दमडी सुटत नाही आणि कफल्लकाच्या खिशात छदाम नसतो. मोरोक्कोनं मात्र स्वतंत्र झाल्यावर 1960 मध्ये दिरहम हेच आपलं चलन केलं.

माझ्या वहीत परदेशी नाण्यांचं पान वेगळं आहे. हा दिरहम मी तिथे लावलेला नाही. अकबराच्या जाड, काळपट दामाशेजारच्या खणात तो ठेवला आहे, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं आहे: द्राख्मे, द्रम्म, दाम, दमडी.