मुंबईचं नाव लागलेलं रक्त

मुलांच्या ओळखपत्रांसाठी शाळेत रक्तगटांची यादी करत होतो. बोलता बोलता ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’चा विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, “सर, हा तुमच्यातच जास्त असणार. नात्यात लग्नं करता ना तुम्ही!” हे गृहस्थ सांगलीकडचे, आणि वहिनी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मला हसू आलं. पण त्यांचं बोलणं निम्मं खरंही होतं.

१९५२ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसं अशी सापडली, ज्यांना शहरातलं कुठलंच नेहमीचं रक्त जुळेना. ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध छापून आला आणि रक्तगटाला शहराचं नाव मिळालं.

घराचं जोतं असतं, तसा आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा घटक असतो. ए आणि बी या त्यावर उभ्या राहणाऱ्या भिंती. ओ गटात भिंती नसतात, नुसतं जोतं असतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतंच नसतं. साध्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. खरा धोका इथेच आहे. त्याच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात आणि ओ रक्तात तर एच भरपूर असतो. सगळ्यांना चालतं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते ओ रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला चालतं ते फक्त बॉम्बे गटाच्याच दुसऱ्या माणसाचं. असा माणूस भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक.

हा दोष आई आणि वडील या दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर कळतही नाही, पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. आजोबांकडचा तोच दडलेला दोष दोन नातवंडांत उतरला आणि त्यांचा निकाह झाला, तर प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता. त्याला चुलत, खालाजाद, मामेबहीण हा फरक कळत नाही. सांगलीच्या मामालाही तो सोडत नाही. आपल्याकडे अशा लग्नाला परवानगी आहे, सक्ती नाही, हे आपणच पुष्कळदा विसरतो. “खानदानातली मुलगी खानदानातच” हा हट्ट शेताचा नि दागिन्यांचा असतो, दीनचा नव्हे.

ज्यांना अजूनही हे धर्माचं वाटतं, त्यांनी हिंदी महासागरातलं रेयुनियाँ बेट पाहावं. फ्रेंचांच्या या बेटावर १८४८ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर मोठ्या संख्येने नेले गेले. त्यांच्या वंशजांत बॉम्बे गट सापडला, त्यात नवल नाही. पण तिथल्याच सिलाओस या डोंगरांनी वेढलेल्या भागात, गोऱ्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या वंशजांतही एच जवळपास नसलेली माणसं निघाली. जनुक तपासलं तेव्हा दोघांतला बिघाड वेगवेगळ्या जागी होता. म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेला नाही. गोऱ्यांची वस्ती लहान, डोंगरात अडकलेली. सोयरिकी आपापसांतच होत राहिल्या.

नावावरही फार जाऊ नये. १९७३ मध्ये मुंबईतच रक्तातला आणखी एक घटक सापडला आणि त्याला ‘इंडियन’ म्हटलं गेलं. पुढे १९८० च्या सुमारास कळलं, की भारतीयांत तो शंभरात तीन-चार जणांत, तर इराणी आणि अरबांत दहा-बारा जणांत असतो. दिवा जिथे आधी लागला, तिथलं नाव चिकटलं, एवढंच.

सहकाऱ्यांना मी हे सगळं चहा घेताना सांगितलं. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “मग ओ लिहिलेल्या मुलांचं काय करायचं?” उत्तर सोपं आहे. नुसत्या पेशी तपासून थांबायचं नाही. मुलाचं सीरम ओ पेशींशीही तपासायचं. गुठळी झाली, तर तो ओ आहे असं धरून चालायचं नाही, पुढची तपासणी करायची. आमच्या यादीत ओ लिहिलेली एकतीस मुलं आहेत. बहुतेकांची नोंद शिबिरातल्या काचपट्टीवरच्या एका थेंबावरून झालेली.