आर्यांची भाषा आणि झाशीची साक्ष

१७८६ साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे असे प्रतिपादिले, आणि भाषेच्या नात्यावरून रक्ताचे नाते ठरविण्याची घाई सुरू झाली. महाराष्ट्रात तर एकाच गृहीतकावर दोन परस्परविरुद्ध इमारती उठल्या. जोतीराव फुले यांना 'गुलामगिरी'त (१८७३) आर्य हा परका आक्रमक दिसला. लोकमान्यांनी १९०३ साली त्याच आर्यांचे आदिस्थान उत्तर ध्रुवाकडे नेऊन वेदांची प्राचीनता प्रतिष्ठिली. तो बाहेरून आला, याविषयी मात्र दुमत नव्हते!

झाशीत नेमणुकीवर असलेल्या वाचकास यातील कच्चा दुवा सहज दिसावा. १७४२ च्या सुमारास नारो शंकर येथे आले. तेव्हापासून १८५४ साली संस्थान खालसा होईपर्यंत येथील सत्ता बहुतांश काळ मराठी भाषकांच्या हाती होती. तरी बाजाराची बोली बुंदेलीच राहिली. केवळ राज्य केल्याने प्रजेची भाषा पालटत नाही. उलट, अंगणात बुंदेली बोलणारा मराठी घरचा मुलगा वंशाने बुंदेला ठरत नाही.

२०१९ साली हरियाणातील राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. तीत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील लोकांचा वंशांश आढळला नाही. त्याच वेळच्या दुसऱ्या संशोधनाने तो अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात इकडे आल्याचे दाखविले. दोहोंत विरोध नाही : सिंधू संस्कृतीच्या भरभराटीनंतर काही लोक आले, आणि बहुधा त्यांची भाषाही. परंतु ती रुजली कशाने? विवाहसंबंधांनी, यज्ञाच्या प्रतिष्ठेने, की गोधनाच्या बळावर? झाशी पाहता, निव्वळ तलवारीने रुजली असे मानणे मला कठीण वाटते.