कोटणीस, द्वारकानाथ शांताराम
(१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२). चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असता चीनमध्ये निधन पावलेले भारतीय शल्यचिकित्सक. जन्म सोलापूर येथे. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालयात.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी जनतेस आवाहन केले. लोकवर्गणीतून एक रुग्णवाहिका व पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये रवाना झाले. अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी हे कोटणीसांचे सहकारी होत. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी बाजूला सारून कोटणीस या पथकात सामील झाले.

१९३९ च्या आरंभी पथक येनान येथे पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आठव्या मार्गसेनेबरोबर आघाडीवर काम करू लागले. औषधे व साधने अपुरी, रुग्णालये खेड्यांतील घरांत थाटलेली आणि शत्रूच्या हालचालींनुसार ती वारंवार हलवावी लागत. १९४० च्या एका मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांच्या स्मरणार्थ असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव ‘यिन्‌हुआ’ असे ठेवण्यात आले. त्यातील ‘यिन’ भारताचा, तर ‘हुआ’ चीनचा वाचक. अतिश्रमाने खालावलेल्या प्रकृतीस अपस्माराचे झटके येऊ लागले व त्यातच वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेशाद्वारे त्यांना श्रद्धांजली वाहिली.

भारतात कोटणीसांची कीर्ती प्रथमतः चित्रपटाने सर्वदूर नेली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. त्यात प्लेगच्या साथीस नाट्यपूर्ण स्थान मिळाले. प्रत्यक्षात त्यांचा अंत अपस्माराने झाला. पडद्यावरील साहसापेक्षा साधनांच्या तुटवड्यात अखंड चाललेली त्यांची दैनंदिन सेवा अधिक मोलाची होती, हे चरित्राचा विचार करताना ध्यानी घ्यावे लागते.

१९६२ च्या संघर्षाने दोन्ही देशांत दुरावा आला. तथापि कोटणीसांविषयीचा आदर टिकून राहिला. श-च्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापूर येथील त्यांच्या निवासस्थानी स्मारक करण्यात आले आहे. रणांगणावर शस्त्र न धरताही शौर्य गाजविता येते, याचे हे चरित्र एक ठळक उदाहरण होय.